फ्रित्यॉफ नान्सेन याचें उत्तरायुष्य

शाळेची शेवटची परीक्षा उतरल्यावर कित्येक विद्यार्थ्यांस एक चमत्कारिक उदासीनता येते. ज्या दिवसाकरितां इतकीं वर्षें खटपट केली तो दिवस येऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय करावें हें सुचत नाहीं. हीच अवस्था, फार मोठ्या प्रमाणावर, नॉर्वे देशांतील एका जगप्रसिद्ध पुरुषाच्या वांट्यास आली होती.

फ्रित्यॉफ नान्सेन याचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजीं ख्रिस्तियानिया (हल्लींचें ऑस्लो) शहराजवळ झाला. स्की नांवाच्या लांब लाकडी पट्ट्या पायांस बांधून बर्फावरून घसरत जाण्याचा नाद त्यास बाळपणापासून होता. प्राणिशास्त्र शिकत असतां १८८२ सालीं सीलच्या शिकारीच्या जहाजावरून त्यास ग्रीनलंडचा किनारा दिसला, आणि तें हिमाच्छादित बेट आरपार ओलांडावें ही इच्छा त्याच्या मनांत घर करून बसली. १८८८ सालीं पांच सोबती घेऊन त्यानें ती पुरी केली. प्रवासास आरंभ त्यानें मुद्दाम निर्जन पूर्व किनाऱ्यावरून केला. वस्ती काय ती पश्चिमेस. तेव्हां मागें फिरण्याचा विचार करण्यासही जागा उरली नाहीं.

पुढें त्यानें याहून धाडसी बेत केला. सैबेरियाजवळ बर्फांत चिरडून गेलेल्या एका जहाजाचे अवशेष ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागले होते. यावरून ध्रुवसमुद्रांतील बर्फ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असावा असें अनुमान काढून, बर्फाच्या दाबानें फुटण्याऐवजीं वर उचललें जाईल असें वाटोळ्या बुडाचें 'फ्राम' जहाज त्यानें बांधविलें. अनुभवी प्रवाशांनीं त्यास वेड्यांत काढलें. १८९३ सालीं फ्राम बर्फांत गोठलें, आणि खरोखरच वाहूं लागलें. पण ध्रुवावरून जाईल असें दिसेना. तेव्हां १८९५ च्या मार्चमध्यें नान्सेन व योहान्सेन हे दोघे कुत्र्यांच्या गाड्या घेऊन उत्तरेस निघाले. ८६ अंशांच्या पलीकडे, जेथवर पूर्वीं कोणी गेला नव्हता तेथवर, ते पोंचले आणि मग परतले. दगड व वालरसचें कातडें यांच्या झोपडींत, अस्वलाच्या मांसावर, त्यांनीं अख्खा हिंवाळा काढला. गंमत अशी कीं, परत आले तेव्हां दोघांचेंही वजन वाढलेलें होतें! १८९६ च्या ऑगस्टांत फ्रामही सुखरूप परतलें. तेराजणांपैकीं एकही दगावला नाहीं.

त्या वेळीं नान्सेनचें वय अवघें चौतीस. कीर्ति, पैसा, प्राध्यापकाची जागा, सर्व कांहीं मिळालें. परंतु त्याचें चित्त स्थिर होईना. समुद्रशास्त्रांत त्यानें मोलाची भर घातली. १९०५ सालीं नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाल्यावर लंडन येथें देशाचा वकील म्हणून काम केलें. दक्षिणध्रुवाची मोहीम त्याच्या मनांत घोळत होती. पण आमुंडसेननें फ्राम मागितलें तेव्हां त्यानें तें देऊन टाकलें, व त्या जहाजाबरोबर आपली जुनी महत्त्वाकांक्षाही देऊन टाकली. माझ्या मतें ध्रुवावर जाण्याहून हें कठीण असावें. १९०७ सालीं त्याची पत्नी इव्हा न्युमोनियानें वारली. तो लंडनहून निघाला होता, पण वेळेवर पोंचूं शकला नाहीं. त्यानंतरचीं वर्षें फार एकाकी गेलीं.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां लाखों युद्धकैदी रशियांत व मध्य यूरोपांत अडकून पडले होते. १९२० सालीं राष्ट्रसंघानें त्यांस घरीं पोंचविण्याचें काम नान्सेनवर सोंपविलें. शास्त्राचें काम अपुरें राहील म्हणून त्यानें प्रथम आढेवेढे घेतले. पण होकार दिल्यावर दोन वर्षांत सुमारें ४,२८,००० माणसें स्वदेशीं धाडलीं. साठीस टेंकलेल्या त्या मनुष्यास आपली वाट येथें सांपडली.

१९२१ सालीं व्होल्गा नदीच्या प्रदेशांत भयंकर दुष्काळ पडला. बोल्शेव्हिक सरकारास बळ येईल या भीतीनें राष्ट्रसंघांतील सरकारें पैसा देईनात. नान्सेननें परोपरीनें विनविलें. तें फुकट गेलें. मग तो स्वतः दुष्काळी मुलखांत गेला, तेथील छायाचित्रें आणलीं, आणि गांवोगांव व्याख्यानें देऊन लोकांकडून वर्गणी गोळा केली. पूर्वीं ध्रुवाच्या गोष्टी ऐकावयास जमणारे श्रोते आतां उपाशी मुलांचीं चित्रें पाहत होते. अन्नाचा मोठा वांटा अमेरिकेच्या मदतमंडळानें पुरविला हें खरें. तरीही लाखों माणसें मेलीं, आणि हें शल्य त्यास अखेरपर्यंत राहिलें.

ज्यांना कोणताच देश आपलें म्हणेना अशा निर्वासितांकरितां १९२२ सालीं त्यानें एक ओळखपत्र काढविलें. 'नान्सेन पासपोर्ट' या नांवाचा तो साधा कागद हळूहळू पन्नासांवर सरकारांनीं मान्य केला. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की व चित्रकार शागाल यांजपाशींही तो होता. त्याच वर्षीं नान्सेनला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें; ती रक्कम त्यानें मदतकार्यास देऊन टाकली. पुढें आर्मेनियन निर्वासितांसाठीं तो वर्षानुवर्षें झगडला. त्यांत यश थोडें, निराशा फार.

१३ मे १९३० रोजीं तो आपल्या घरीं वारला. त्या घराचें नांव त्यानें 'पोल्हेग्दा', म्हणजे ध्रुवाची उंची, असें ठेविलें होतें. तेथील बागेंत एका झाडाखालीं त्याची समाधि आहे.