५६ अंश आणि अन्ना मणी

मे २०२४ मध्ये आमच्या नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश दाखवले. हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडलाय. तेव्हा मला अन्ना मणी आठवल्या.

१९१८ साली केरळात जन्म. बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन, मग लंडनला हवामान-उपकरणांचा अभ्यास. १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणींनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती इथंच बनवायची सोय केली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्या मानत. २००१ मध्ये त्या गेल्या.

आजचं तापमान चुकीचं भरलं, तर उद्याचा अंदाजही बिघडतो. म्हणून विक्रमी आकडा फॉरवर्ड करण्याआधी जवळच्या केंद्रांचे आकडे बघाच.