सकाळच्या आरशातला स्वप्नद्रष्टा : किंग कॅम्प जिलेट

नवी दिल्ली, ५ जानेवारी : शंभर वर्षांपूर्वी तयार झालेल्या सेफ्टी रेझरने आजही रोज सकाळी दाढी करणारे हौशी संग्राहक जगाच्या अनेक भागांत आहेत. जुन्या बाजारातून काळवंडलेला रेझर विकत आणायचा, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवायचा, मऊ ब्रशने घासायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे नवे पाते त्यात बसवायचे, एवढ्यावर त्याचे काम पुन्हा सुरू होते. एखाद्याच्या पणजोबांच्या पिढीतले अवजार पणतूच्या हातात कोणत्याही दुरुस्तीशिवाय चालावे, असे प्रसंग यंत्रयुगात फार नाहीत. हे अवजार घडवणारे किंग कॅम्प जिलेट यांचा आज जन्मदिन. एकदा वापरून फेकून देता येईल अशी वस्तू शोधण्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. मात्र ज्या कल्पनेवर त्यांचा अखेरपर्यंत जीव होता, तिचा दाढीशी काडीचाही संबंध नव्हता.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या फाँड द्यु लॅक या गावी ५ जानेवारी १८५५ रोजी जिलेट यांचा जन्म झाला. बालपण शिकागोत गेले. घरात शोधकपणाचे वारे होते. वडिलांचा पेटंटच्या कामाशी संबंध होता, तर आई फॅनी लेमिरा यांचे १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘व्हाइट हाउस कुक बुक’ हे पाककृतींचे पुस्तक पुढे अमेरिकी घराघरांत पोहोचले. शिकागोला १८७१ मध्ये लागलेल्या भीषण आगीत या कुटुंबाची मालमत्ता भस्मसात झाली. किंग तेव्हा सोळा वर्षांचे होते. शिक्षण सुटले आणि गावोगाव हिंडून माल खपवणाऱ्या फिरत्या विक्रेत्याचा पेशा त्यांनी पत्करला. पुढची सुमारे तीन दशके आगगाडी, उतारूंची स्वस्त हॉटेले आणि नमुन्यांची पेटी यांतच सरली. लहानसहान शोधांची पेटंट त्यांनी याच काळात मिळवली; त्यातून पैसा मात्र फारसा आला नाही.

या भटकंतीत त्यांची गाठ विल्यम पेंटर यांच्याशी पडली. सोडावॉटरच्या बाटलीला बसणारे दातेरी कडेचे पत्र्याचे झाकण ही पेंटर यांची निर्मिती. बाटली उघडली की झाकण फेकायचे आणि पुढच्या बाटलीला नवे लावायचे, हे त्या धंद्याचे मर्म होते. जिलेट यांनी पेंटर यांच्या बाल्टिमोर येथील कंपनीत विक्रेत्याची नोकरी धरली. गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा विकत घ्यावीच लागेल अशी एखादी वस्तू शोधून काढ, असा सल्ला पेंटर यांनी दिला आणि जिलेट यांच्या डोक्यात तो भुंगा शिरला. वर्णमालेतील एकेक अक्षर घेऊन त्यापासून सुरू होणाऱ्या वस्तूंचा ते मनाशी विचार करीत, असे सांगितले जाते.

त्या वेळी त्यांच्या टेबलावर मात्र वेगळेच कागद पसरलेले असत. अमेरिकेत १८९३ मध्ये मंदीची लाट आली, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. लोकांच्या या हालअपेष्टांचे मूळ स्पर्धेत आहे, असे या विक्रेत्याचे ठाम मत झाले. ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ हे त्यांचे पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातले सर्व उद्योग जनतेच्या मालकीच्या एकाच महामंडळाकडे जावेत आणि नायगाऱ्याच्या धबधब्यापासून मिळणाऱ्या विजेवर चालणारे एकच अवाढव्य नगर उभारावे, अशी त्यातली योजना होती. मेट्रोपोलिस नावाच्या या नगरात कोट्यवधी माणसे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेतल्या उंच इमारतींत राहणार होती आणि त्यांची जेवणाची सोय सामाईक भोजनगृहांत होणार होती. पाककृतींचे लोकप्रिय पुस्तक लिहिणाऱ्या बाईच्या मुलाने घरोघरची चूलच निकालात काढावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. पुस्तकाची थोडीफार चर्चा झाली, पण त्या नगराची एक वीटही रचली गेली नाही.

वर्ष उलटले. मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइन येथील घरी १८९५ मधल्या एका सकाळी जिलेट आरशासमोर उभे होते. हातातल्या रेझरची धार बोथट झाली होती. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंचा ‘स्टार’ हा सेफ्टी रेझर तेव्हा बाजारात रुळलेला होता, म्हणजे सेफ्टी रेझर ही कल्पना जिलेट यांची नव्हे. परंतु ‘स्टार’चे पाते जाड, पाचरीसारखे असे, ते रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजावे लागे आणि अधूनमधून धार लावण्यासाठी कारागिराकडे द्यावे लागे. त्या सकाळी तर धार पट्ट्याने परतण्यापलीकडे गेली होती. दाढीला उपयोग होतो तो फक्त धारेच्या बारीक रेषेचा आणि उरलेले सगळे पोलाद केवळ त्या रेषेला आधार देते, हे जिलेट यांना त्या क्षणी उमगले. आधाराचे काम मुठीच्या डोक्याकडे सोपवले, तर पाते कागदासारखे पातळ करता येईल, इतके स्वस्त की बोथट झाल्यावर ते टाकून देता येईल. हार्डवेअरच्या दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या कमानीची पोलादी पट्टी, लहान पकड आणि कानशी आणून त्यांनी पहिला ओबडधोबड नमुना केला. परगावी गेलेल्या पत्नीला, ॲटलांटा यांना, आता आपले दैव फळफळल्याचे त्यांनी पत्राने कळवले.

दैव फळफळायला मात्र आठ वर्षे जावी लागली. इतक्या पातळ पोलादाला पाणी देणे आणि ते न वाकवता, न तडकवता त्याला धार काढणे कोणालाच जमेना. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जाणकारांनी हा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला. मित्रमंडळींत हा रेझर थट्टेचा विषय झाला. जिलेट यांचे औपचारिक तांत्रिक शिक्षण झाले असते, तर त्यांनीही हा नाद सोडला असता, असे त्यांना नंतर वाटत असे.

याच संस्थेत शिकलेल्या विल्यम एमरी निकर्सन यांनी अखेर ही कोंडी फोडली. पट्टी कडक करण्याची आणि तिला धार लावण्याची यंत्रे त्यांनी रचली. पेटंटवर आणि डबीवर जिलेट यांचे नाव राहिले, तरी पाते प्रत्यक्षात आले ते निकर्सन यांच्या यंत्रांमुळे, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. इंग्रजीत ‘निक’ म्हणजे लहानसा काप. त्यामुळे दाढीच्या अवजाराला त्यांचे नाव देण्याचा प्रश्नच आला नाही, असे गमतीने म्हटले जाते. सप्टेंबर १९०१ मध्ये कंपनीची स्थापना झाली आणि मासळी विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या जागेत काम सुरू झाले. भांडवल संपत आले तेव्हा जॉन जॉइस या धनिकाने पैसा घातला आणि त्याबरोबर कंपनीत हातपायही पसरले.

विक्री सुरू झालेल्या १९०३ या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी खपलेल्या रेझरची संख्या ९० हजारांच्या वर गेली. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. रेझरची किंमत पाच डॉलर होती, म्हणजे त्या काळच्या सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीच्या सुमारे निम्मी. रेझर फुकटात वाटायचा आणि पात्यांवर नफा कमवायचा, ही युक्ती जिलेट यांच्या नावावर व्यवस्थापनाच्या वर्गांत सांगितली जाते. वास्तव तसे नाही. पेटंटचे संरक्षण होते तोवर रेझर महागच होता, मखमली अस्तराच्या डबीत बसवून भेट म्हणून देण्याच्या योग्यतेचा. पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपली, दुसऱ्यांना नक्कल करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे कंपनीने जुन्या घाटाचा रेझर एका डॉलरला विकायला काढला.

आजच्या संग्राहकांच्या हाती येतात ते प्रामुख्याने त्या महाग काळातले रेझर. टोपी, खालची दातेरी पट्टी आणि मूठ असे त्यांचे तीन भाग असतात. मूठ फिरवून आवळली, की टोपीच्या गोलाईवर पाते किंचित वाकते आणि त्या वाकण्यामुळेच पातळ पोलादाला ताठरपणा येतो. जिलेट यांचा खरा शोध या वाकण्यात आहे. अंग पितळेचे असल्याने मुलामा उडाला तरी गंज लागत नाही. त्यावर कोरलेल्या अनुक्रमांकांवरून निर्मितीचे वर्ष ताडता येते आणि हे अंकज्ञान हा संग्राहकांच्या गप्पांतला निम्मा विषय असतो. उरलेला निम्मा असतो रेझर धरायच्या कोनाचा. हात दाबायचा नाही, अवजाराच्या वजनाने काम होऊ द्यायचे, ही शिस्त अंगवळणी पडेपर्यंत हनुवटीवर चार ओरखडे ठरलेले. पहिल्या महायुद्धातील लष्करी डब्यांना या मंडळींत विशेष मान आहे. अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती खरेदी केली होती. युद्धावरून परतलेले तरुण ती डबी आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय, दोन्ही घरी घेऊन आले.

जिलेट यांची मिशीधारी छबी आणि स्वाक्षरी पात्याच्या प्रत्येक वेष्टनावर छापली जाई. जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी तो एक झाला. ज्या कंपनीवर तो चेहरा होता, तिच्यावरचा त्यांचा ताबा मात्र सुटत गेला. जॉइस यांच्याशी दीर्घकाळ चाललेल्या संघर्षानंतर त्यांनी आपले बहुतेक भाग विकले. अध्यक्षपद राहिले, ते नावापुरते.

पैसा आला, पण मेट्रोपोलिस डोक्यातून गेले नाही. त्यांनी १९१० मध्ये ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’ची कल्पना मांडली, ॲरिझोना प्रदेशात तिची नोंदणी केली आणि माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना तिचे अध्यक्षपद देऊ केले, मोबदला होता दहा लाख डॉलर. रूझवेल्ट यांनी नकार दिला. ‘द पीपल्स कॉर्पोरेशन’ हे पुस्तक १९२४ मध्ये आले, त्याच्या लेखनाला कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांचा हातभार लागला होता. स्पर्धेच्या बळावर कोट्यधीश झालेला माणूस स्पर्धा नष्ट करण्याची योजना घेऊन दारोदार फिरत होता, याची अनेकांना मौज वाटे. तो ढोंगी होता, असे मात्र म्हणता येत नाही. पहिले पुस्तक रेझरच्या आधीचे आहे आणि शेवटचे, संपत्ती हाती असतानाचे. वाचकांनी पाते विकत घेतले, विचार घेतला नाही.

वृद्धापकाळी ते कॅलिफोर्नियात राहिले. सँटा मोनिका डोंगररांगांत कॅलाबासस येथे वास्तुरचनाकार वॉलेस नेफ यांच्याकडून त्यांनी प्रशस्त वाडा बांधून घेतला. जमिनींच्या व्यवहारांत पैसा अडकला आणि १९२९ ची मंदी आली. कंपनीतही घरघर सुरू होती. हेन्री गाइसमन यांच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी पात्याच्या रचनेवरून वाद पेटला, तो मिटवण्यासाठी १९३० मध्ये विलीनीकरण झाले आणि हिशेब तपासताना आधीच्या काही वर्षांचा नफा फुगवून दाखवला गेल्याचे उघडकीस आले. भागांचे भाव कोसळले. जिलेट यांनी १९३१ मध्ये अध्यक्षपद सोडले. ९ जुलै १९३२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अफाट संपत्तीतले फारच थोडे उरले होते. कॅलाबाससचा वाडा व भोवतालची जमीन आज सार्वजनिक उद्यान आहे.

मधोमध खाच आणि छाटलेले कोपरे असा आजच्या दुधारी पात्याचा घाट त्या १९३० च्या सुमाराच्या भांडणातून आला. भारतात तो किराणा दुकानाच्या बरणीशेजारी अजून टांगलेला दिसतो. आपल्याकडे शाळकरी मुलांच्या पिढ्यांनी त्याने पेन्सिली तासल्या आणि शिंप्यांनी शिवणी उसवल्या. सलूनमध्ये तर त्याचा वेगळाच अवतार झाला. कारागीर वेष्टनासकट पाते मधोमध मोडतो, अर्धे वस्तऱ्याच्या खोबणीत सरकवतो आणि गिऱ्हाइकासमोरच दाढीला सुरुवात करतो. माणसाला न्हाव्याच्या खुर्चीवरून उठवून घरच्या आरशासमोर उभे करणे हा जिलेट यांच्या जाहिरातींचा सूर होता. भारतात त्यांचे पाते पुन्हा त्या खुर्चीपाशीच येऊन पोहोचले.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या अनेक घरांत न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाच्या पाठीला एक बारीक फट ठेवलेली असे. वापरलेले पाते त्या फटीतून टाकायचे, ते भिंतीच्या पोकळीत पडायचे. अशी घरे आज नव्याने दुरुस्त करताना भिंत फोडली, की गंजलेल्या पात्यांचा ढीग जमिनीवर सांडतो. ज्या रेझरमध्ये ती पाती एकेकाळी बसवली गेली, तो कधी कधी त्याच घरातल्या एखाद्या जुन्या खोक्यात सापडतो आणि धुऊन, पुसून पुन्हा आरशासमोरच्या फळीवर जातो.