आभाळ शिवणारी हॅरिएट

आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावायचे, असे आपण बायका अडचणीच्या वेळी सहज म्हणून जातो. परंतु निखळणारे तारे, भरदिवसा दाटलेला काळोख आणि प्राण घेणारा गारठा हे सारे कापडात कातरून, सुईदोऱ्याने जागच्या जागी बसवणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचे नाव हॅरिएट पॉवर्स. तिच्या हातच्या दोनच गोधड्या आज शिल्लक आहेत आणि त्या दोन्ही त्या देशाच्या नामांकित संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. मात्र ज्या बाईने त्या शिवल्या तिला त्यांतली पहिली पाच डॉलरला विकावी लागली होती. भगिनींनो, त्या गोधडीची ही हकीकत आहे.

हॅरिएटबाईंचा जन्म २९ ऑक्टोबर १८३७ रोजी जॉर्जिया राज्यात, अथेन्स या गावाच्या परिसरात झाला. हे अथेन्स ग्रीसमधले नव्हे, अमेरिकेच्या दक्षिण भागातले. हा सारा मुलूख कापसाचा, आणि तो कापूस पिकवणारे हात आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे. हॅरिएटबाईही गुलाम म्हणूनच जन्मल्या. गुलामाला स्वतःचे शरीरसुद्धा स्वतःचे म्हणता येत नसे. मग घर, शेत किंवा पेटीतले लुगडे यांची गोष्टच नको. १८५५ मध्ये आर्मस्टेड पॉवर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी हॅरिएटबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

स्वातंत्र्य मिळाले, पण त्याबरोबर पोटापाण्याची तरतूद कोणी करून दिली नव्हती. आर्मस्टेड शेतावर राबत आणि हॅरिएटबाई घर सांभाळून शिवण करीत. त्यांना निदान नऊ मुले झाली. कष्ट करकरून १८८० नंतरच्या काळात या कुटुंबाने चार एकर जमीन आपल्या नावावर केली. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसांना ती चार एकर जमीन म्हणजे केवढे वैभव वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

तिकडच्या थंडीत गोधडीवाचून भागत नाही. वर कापडाचा दर्शनी पदर, मध्ये कापूस आणि खाली अस्तर असे तीन थर एकत्र शिवून त्या बायका गोधडी करीत. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या घड्या एकावर एक अंथरून धावदोरा घालतात, त्याचीच ही थोरली बहीण म्हणा. कापडाचे तुकडे जोडून चौकटी-त्रिकोणांची नक्षी तिकडे घरोघर होत असे. हॅरिएटबाईंची रीत निराळी होती. त्या माणसे, पशुपक्षी, सूर्य आणि तारे असे आकार कापडातून कातरीत व दुसऱ्या कापडावर बसवून शिवीत. यालाच आपण ॲप्लिकचे काम म्हणतो. काही टाके हाताचे, काही शिवणयंत्राचे. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी, म्हणजे आजच्या बेनिन देशातील फॉन लोकांच्या कापडी चित्रांशी या कामाचे पुष्कळ साम्य अभ्यासकांना दिसते.

१८८६ मध्ये अथेन्स येथे कापसाचा मेळावा भरला. त्या प्रदर्शनात हॅरिएटबाईंनी आपली गोधडी मांडली. तिच्यात अकरा चौकटी होत्या आणि त्या चौकटींतून बायबलातील कथा सांगितल्या होत्या. एका चौकटीत आदम, हव्वा आणि सर्प, एकीत याकोबाच्या स्वप्नातली शिडी, एकीत ख्रिस्ताचा बाप्तिस्मा, तर एकीत त्याचे शेवटचे भोजन. गावातील मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या जेनी स्मिथ या गोऱ्या बाईंनी ती पाहिली आणि त्या तिथेच खिळून राहिल्या. शोध घेत त्यांनी हॅरिएटबाईंना गाठले व गोधडी विकत मागितली. हॅरिएटबाईंनी साफ नकार दिला. कोणत्याही किमतीला ती द्यायची त्यांची तयारी नव्हती.

पण गरिबीपुढे नकार किती दिवस टिकणार? सुमारे चार वर्षांनी घरची ओढाताण वाढली, तेव्हा गोधडी विकायची आहे असा निरोप त्यांनीच धाडला. त्या वेळी स्मिथबाईंपाशी पैसे नव्हते. पुढे त्यांनी उलट निरोप पाठवला, आणि हॅरिएटबाई बैलगाडीतून त्यांच्या दारी आल्या. गोधडी पिठाच्या स्वच्छ पिशवीत घातलेली, ती पिशवी पुन्हा गोणपाटात गुंडाळलेली आणि ते गाठोडे मांडीवर. त्यांनी दहा डॉलर सांगितले. स्मिथबाईंनी पाचच देऊ केले. दिवस कठीण होते, नवऱ्यानेही घेऊन टाक म्हणून सांगितले होते. सौदा पाचावर तुटला.

हॅरिएटबाई पैसे घेऊन तशाच माघारी फिरल्या असत्या, तर ही हकीकत इथेच संपली असती. त्या थांबल्या. एकेका चौकटीवर बोट ठेवून हे कोण, हे काय, हा तारा इथे का, हे त्यांनी मोठ्या तळमळीने व भक्तिभावाने समजावून दिले. स्मिथबाईंनी ते सगळे लिहून ठेवले. नंतरही हॅरिएटबाई आपली गोधडी बघायला अनेकदा त्या घरी येऊन गेल्या. सासरी दिलेल्या लेकीला आईने भेटायला जावे तशा. शिवणातून उरलेल्या साऱ्या चिंध्या तुमच्यासाठी राखून ठेवीन, असे स्मिथबाईंनी कबूल केले तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला थोडी उभारी आली.

स्मिथबाईंनी भाव पाडला, हे खरेच आहे. पण मोल ओळखले तेही त्यांनीच, आणि करणारीचे बोलणे कागदावर उतरवले तेही त्यांनीच. दोन्ही गोष्टी आपण लक्षात ठेवाव्यात.

१८९५ मध्ये अटलांटा शहरी भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात ही गोधडी ठेवली गेली. त्यानंतर हॅरिएटबाईंची दुसरी गोधडी अटलांटा विद्यापीठातील अध्यापकांच्या पत्नींनी १८९८ मध्ये रेव्हरंड हॉल या विश्वस्तांना भेट म्हणून दिली. हिच्यात पंधरा चौकटी आहेत. बायबलातील कथा याही गोधडीत आहेत. पण त्यांच्या शेजारी हॅरिएटबाईंनी निसर्गाचे असे चमत्कार बसवले आहेत की ते पाहून त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

एका चौकटीत १९ मे १७८० चा काळा दिवस आहे. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दुपारी अंधार पडला. जंगलांना लागलेल्या वणव्यांचा धूर हे त्याचे कारण, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. दुसऱ्या चौकटीत १३ नोव्हेंबर १८३३ ची पहाट आहे. आकाशातून हजारोंच्या संख्येने उल्का बरसल्या, आणि जगाचा अंत आला असे वाटून लोकांची गाळण उडाली. टेंपल-टटल नावाच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीतून आपली पृथ्वी जाते तेव्हा दर नोव्हेंबरात या उल्का दिसतात, आणि सुमारे तेहतीस वर्षांनी कधीकधी त्यांचा असा पाऊस पडतो. हॅरिएटबाईंच्या चौकटीत मात्र देवाचा हात पुढे येऊन तारे थोपवतो. ही घटना त्यांच्या जन्मापूर्वी चार वर्षे घडलेली आणि काळा दिवस तर त्याहून अर्धशतक आधीचा. म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी त्यांनी कापडावर नोंदवून ठेवल्या.

फेब्रुवारी १८९५ ची थंडी मात्र त्यांच्या हयातीतली. त्या चौकटीत प्रार्थना करता करता गोठलेली बाई आहे, फाटकापाशी गोठलेली दुसरी आहे, मांसाचे पोते घेऊन निघालेला माणूस आहे, आणि खेचराच्या श्वासाचेही बर्फ झाले आहे. त्या गारठ्यात सारे निळे पक्षी मेले, हेही त्या सांगायला विसरल्या नाहीत. माणसांच्या मरणाबरोबर पाखरांचे मरण मोजणारी ही नजर शेतात राबलेल्या बाईचीच.

याच सुमारास त्यांचे स्वतःचे घर उसवत चालले होते. ती चार एकर जमीन तुकड्यातुकड्याने हातची गेली, आणि शिवणाचाच काय तो आधार उरला. हॅरिएटबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते असे पुष्कळ वर्षे समजले जाई. परंतु त्यांनी १८९६ मध्ये पाठवलेल्या एका पत्राची नक्कल अलीकडे, एकविसाव्या शतकात उजेडात आली. मालकाच्या मुलांच्या मदतीने आपण वाचायला शिकलो, आणखीही गोधड्या केल्या, असे तिच्यावरून कळते. त्या बाकीच्या गोधड्या मात्र सापडलेल्या नाहीत.

१ जानेवारी १९१० रोजी हॅरिएटबाईंचे निधन झाले. त्यांच्या थडग्याचा दगडही कित्येक वर्षे विस्मृतीत गेला होता. तो अथेन्सच्या गॉस्पेल पिलग्रिम दफनभूमीत २००५ मध्ये पुन्हा सापडला. पहिली गोधडी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि दुसरी १९६४ पासून बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. २०२१ मध्ये बोस्टनच्या प्रदर्शनात या दोघी बहिणी प्रथमच एकत्र आल्या. त्यांना पाहायला लोकांची रीघ लागली असेल, तेव्हा पाच डॉलर मुठीत धरून बैलगाडीतून घरी परतणारी ती माउली कोणाला आठवली असेल का?

भगिनींनो, आपल्याही घरोघरी आजीच्या, पणजीच्या हातच्या गोधड्या आहेत. त्यांत बाळंतपणाची लुगडी आहेत, आजोबांची धोतरे आहेत, लेकीच्या पहिल्या परकराचा काठ आहे. कोणता तुकडा कशाचा, हे सांगणारी आता एखादीच उरली असेल. तिच्यापाशी वही घेऊन बसावे, तिने बोट ठेवावे आणि आपण लिहावे, आणि तिचे नाव गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने घालावे. उसवलेले पुन्हा शिवता येते. पण न विचारलेले सांगायला मागाहून कोणी उरत नाही.