पद सुटल्यानंतर

महाड तालुक्यातील नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून आपणास परिचित आहेत. त्यांचे उत्तरायुष्यही पाहा. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले आणि साठीत विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम हाती घेतले. पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. १९८१ मध्ये पत्नी दुर्गाबाईंचा वियोग सोसला आणि १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

जमातीचे अध्यक्षपद सुटताच मशिदीकडे पाठ फिरवणारे वडीलधारे आपण पाहतो. बंधुभगिनींनो, केस आपोआप पिकतात. सब्र मात्र अल्लाहकडे मागून तरुणपणापासूनच अंगी बाणवावा लागतो.