मायकेल फॅरडे आणि सोन्याचें पान

विजेच्या शास्त्राचा इतिहास सांगतांना ज्या एका नांवावांचून पुढें जातां येत नाहीं, तें मायकेल फॅरडे याचें होय. विद्युज्जनित्राचें तत्त्व त्यानें १८३१ सालीं शोधून काढलें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस क्रमिक पुस्तकांतून ठाऊक आहेच. तिचा विस्तार येथें करीत नाहीं. त्याच्या दोन कमी परिचित उद्योगांची हकीकत मात्र पालकांनींही वाचावी अशी आहे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स येथें एका लोहाराच्या घरीं मायकेल जन्मला. बाप आजारी, मिळकत तुटपुंजी. त्यामुळें लिहिणें, वाचणें व थोडें गणित एवढ्यावरच शाळा संपली. वयाच्या चौदाव्या वर्षीं तो रिबो नांवाच्या पुस्तकबांधणीच्या दुकानदाराकडे उमेदवारीस राहिला. बांधावयास आलेलीं पुस्तकें हा मुलगा वाचीत असे. दुसरा एखादा मालक असता तर त्यानें कान उपटले असते. रिबोनें तसें केलें नाहीं, आणि ह्या गृहस्थास मिळतें त्याहून अधिक श्रेय मिळावयास हवें असें आम्हांस वाटतें. ज्ञानकोशांतील विजेवरचा लेख आणि श्रीमती मार्सेट यांचें रसायनशास्त्रावरील पुस्तक ह्यांनीं मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली. १८१२ सालीं एका गिऱ्हाइकानें दिलेल्या तिकिटांवर त्यानें हंफ्री डेव्ही याचीं व्याख्यानें ऐकलीं, टिपणें स्वच्छ लिहून काढलीं, स्वतःच्या हातांनीं बांधलीं, आणि तें पुस्तक डेव्हीकडे पाठवून त्याच्यापाशीं काम मागितलें. मार्च १८१३ मध्यें तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत मदतनीस झाला.

१८३६ च्या जानेवारींत फॅरडेनें तेथें १२ फूट लांब, रुंद व उंच अशी लांकडी सांगाड्याची खोली उभारली. तिच्या भोंवतीं तांब्याच्या तारांचें जाळें बांधून त्यावर कागद व कथलाचा वर्ख लावला, आणि जमिनीशीं विजेचा संबंध राहूं नये अशी तजवीज केली. यंत्रानें तिला इतकी वीज दिली कीं, बाहेरच्या अंगानें ठिणग्या उडूं लागल्या. फॅरडे स्वतः आंत होता! पेटत्या मेणबत्त्या व नाजूक विद्युन्मापकें त्याच्याजवळ होतीं. कशावरही तिळमात्र परिणाम झाला नाहीं. वीज धातूच्या बाहेरच्या पृष्ठावरच राहते, हें सिद्ध झालें.

पुष्कळ कामांस सलग पत्रा लागत नाहीं, बारीक जाळीही पुरते, हें पुढें सर्वत्र अनुभवास आलें. ह्याचा दाखला पाहण्यास घोडेगांवकरांस दूर जावयास नको. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें ज्या रेडिओ दुर्बिणीचें केंद्र आहे, तिच्या ३० तबकड्या प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि त्यांचें पृष्ठ पत्र्याचें नसून अवघ्या ०.५५ मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेच्या जाळीचें आहे. वारा व ऊन त्यांतून पार जातात. जाळीच्या भोकांहून कितीतरी लांब असलेल्या रेडिओ लहरींस मात्र ती भिंतीसारखीच वाटते.

दुसरा उद्योग उतारवयांतला. १८५६ च्या आरंभीं फॅरडे चौसष्ट वर्षांचा होता. स्मरणशक्ति कित्येक वर्षांपासून दगा देत होती. परंतु प्रयोगांच्या वहींत प्रत्येक परिच्छेदास क्रमांक घालण्याची त्याची शिस्त सुटली नाहीं. ते क्रमांक अखेर १६,००० च्या पलीकडे गेले. अशा स्थितींत त्यानें सोन्याचा वर्ख हातीं घेतला. त्याची जाडी इंचाच्या सुमारें २,८०,००० व्या हिश्शाएवढी. तो उजेडासमोर धरला असतां पलीकडचा प्रकाश हिरवा दिसतो. कांचेवर बसवून तापविला, तर सोनें वितळण्याच्या कितीतरी आधींच हिरवा रंग व चकाकी जाऊन तो अधिक पारदर्शक होतो. आणि अकीकाच्या दगडानें दाबून घासला कीं हिरवा रंग परत येतो! प्रकाशाच्या स्वरूपाविषयीं कांहीं मोठें रहस्य ह्यांतून उलगडेल अशी त्याची आशा होती. ती फळली नाहीं. ५ फेब्रुवारी १८५७ रोजीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत त्यानें आपल्या निष्कर्षांचें मोल वाढवून सांगितलें नाहीं. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या पुरुषास हें सोपें नसतें.

तापविल्यानें सोनें आकसून त्याचे सुटे ठिपके बनतात व मधल्या फटींतून प्रकाश जातो, हें मागाहून कळलें. परंतु ठिपके सुटले कीं विजेची वाटही तुटते. प्रकाशास फट हवी, विजेस अखंड धागा हवा. ह्या भांडणावर तोड म्हणजे केसाहूनही बारीक धातूचें जाळें. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं तें मोठ्या युक्तीनें साधलें. कांचेवर एक लेप देऊन तो वाळूं द्यावयाचा. उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ तडकतो तसा तो तडकतो. मग त्यावर धातूची वाफ बसवून लेप धुऊन टाकावयाचा. भेगांत बसलेला धातु तेवढा जाळें होऊन राहतो. त्यांतून वीज सोडली कीं कांच ऊबदार होते, तिजवरचें दंव नाहींसें होतें, आणि पलीकडचें दिसतेंही. एरवीं ह्या कामीं दुर्मिळ इंडियम धातूच्या संयुगाचा लेप लागतो. तो महाग पडतो.

फॅरडे २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें राणी व्हिक्टोरियानें राहावयास दिलेल्या घरांत वारला. त्या सुवर्णप्रयोगांत त्यानें सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचे द्रवही केले होते. त्यांतल्या कांहीं कुप्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जपून ठेविल्या आहेत, व त्यांतील माणकासारखा तांबडा रंग अद्याप टिकून आहे.