वणव्याशी झुंजलेला रेंजर : एड पुलास्की

शेतकरी बंधूंनो, आज ज्याची हकीकत सांगायची आहे तो माणूस आपल्या मुलखातला नाही. पण वणवा तुम्ही पाहिला आहे, हिरव्या फांद्या घेऊन तो झोडपलाही आहे. त्यामुळे हा माणूस तुम्हाला परका वाटणार नाही. त्याचे नाव एडवर्ड पुलास्की. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात वॉलेस नावाचे खाणींचे गाव आहे. तिथे तो जंगल खात्याचा रेंजर होता. तिकडे जंगलची आग विझवणारे लोक आजही त्याचे नाव घेतात, कारण त्यांच्या हातातल्या अवजारालाच पुलास्की म्हणतात.

एड मूळचा ओहायो राज्यातला. शाळा अर्धवट सोडून पोरवयातच तो पोट भरायला पश्चिमेकडे निघाला. खाणीत राबला, रेल्वेच्या कामावर गेला, गुरांच्या रानावर मुकादमी केली, लोहारकीही केली. १९०८ साली, चाळिशीच्या आसपास, तो जंगल खात्यात लागला. खात्यातले बरेच साहेब कॉलेजात वनशास्त्र शिकून आलेले तरुण होते. एडची शाळा म्हणजे डोंगर आणि खाण. हेच शिक्षण पुढे कामाला आले.

तेव्हा रेंजरची नोकरी सोपी नव्हती. खाते १९०५ साली स्थापन झालेले, म्हणजे अगदी नवे. लाकूडचोर पकडायचे, खोटे दावे करून सरकारी जंगल बळकावणाऱ्यांना अडवायचे, चराईचे परवाने बघायचे आणि आग लागली की तीही विझवायची. कायदा राखणारा तोच आणि वणवा विझवणारा तोच. खाण, लाकूड आणि रेल्वेवाल्या बड्या धेंडांना हे खाते डोळ्यांत सलत होते. त्यांच्या बाजूचे पुढारी खात्याला पैसा मिळू देत नसत. राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते तर १९१६ साली निघाले. तोवर यलोस्टोनच्या उद्यानात १८८६ पासून शिकाऱ्यांवर पहारा आणि आगीचा बंदोबस्त ही दोन्ही कामे लष्कराकडे होती.

१९१० साली त्या डोंगरात पाऊस पडलाच नाही म्हणा ना. रान वाळून कोळ झाले. विजा पडून आणि कोळशाच्या इंजिनांच्या ठिणग्यांनी शेकडो आगी लागल्या. माणसे कमी पडली, तेव्हा दारूच्या गुत्त्यांतून, खाणींतून, अगदी तुरुंगातूनही गडी गोळा केले. मजुरी तासाला २५ सेंट. यातल्या पुष्कळांनी जंगलची आग जवळून कधी पाहिलीही नव्हती.

२० ऑगस्टला दुपारनंतर वादळी वारा सुटला आणि विखुरलेल्या आगी एक झाल्या. अशा वाऱ्यापुढे कुदळ-फावड्याचे काय चालणार? पुलास्कीने डोंगरात पांगलेल्या टोळ्यांतून सुमारे ४५ माणसे गोळा केली आणि वॉलेसची वाट धरली. पण पुढे आग आणि मागेही आग. धुराने दिवसाची रात्र झालेली. आता इथे त्याची जुनी खाणकामगारी उपयोगी पडली. कोणत्या ओढ्याजवळ कोणते जुने भुयार आहे हे त्याला पाठ होते. आगीने गाठण्याआधी त्याने माणसे आणि दोन घोडे एका पडीक खाणीच्या बोगद्यात घातले.

सगळ्यांना जमिनीला तोंड लावून पालथे पडायला सांगितले, कारण श्वास घेण्याजोगी हवा तळाशीच उरते. तोंडाशी ओली घोंगडी टांगली. आतले लाकडी टेकू पेट घेऊ लागले तसे टोपीने पाणी भरभरून मारले. गुदमरलेले गडी बाहेर पळायला लागले. बाहेर पडणे म्हणजे मरण, हे त्यांना समजावत बसायला वेळ नव्हता. पुलास्कीने पिस्तूल काढले आणि जो बाहेर जाईल त्याला गोळी घालीन असे बजावले. कायद्याच्या कामासाठी कमरेला असलेले हत्यार त्या रात्री माणसे वाचवायला लागले. शेवटी तो स्वतःही बेशुद्ध पडला.

पहाटे जे उठले त्यांना वाटले, साहेब गेला. पण तो जिवंत होता. ५ माणसे आतच दगावली होती, दोन्ही घोडेही गेले. बाकीचे बूट जळालेले, अंग भाजलेले, असे खुरडत वॉलेसला पोचले. गावाचाही सुमारे तिसरा हिस्सा राख झाला होता. दोन दिवसांत जवळजवळ ३० लाख एकर रान जळाले, किमान ८५ माणसे मेली आणि त्यातले ७८ जण आग विझवायला गेलेले होते. आग आटोक्यात आली ती शेवटी पावसाने.

आता पुढचे ऐका. पुलास्कीच्या डोळ्याला इजा झाली होती, फुफ्फुसेही अधू झाली होती. सरकारने उपचाराचा खर्च दिला नाही. तो तसाच पुन्हा कामावर रुजू झाला. वॉलेसला मेलेल्या गड्यांना पुरले होते. त्या थडग्यांची निगा तो स्वतः राखी, आणि तिथे नीट स्मारक व्हावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे कागद रंगवले. त्या रात्रीविषयी बोलायला त्याला आवडत नसे. १९२३ साली एका वनविषयक मासिकाच्या स्पर्धेत मात्र त्याने ती हकीकत लिहून पाठवली, कारण डोळ्याच्या शस्त्रक्रियेला पैसा हवा होता. ५०० डॉलरचे बक्षीस मिळाले.

दुसरीकडे तो घरच्या भट्टीवर ठोकाठोक करीतच होता. वणवा अडवायचा तर जाळपट्टा काढावा लागतो. झुडपे तोडायची, मुळे खणायची आणि खालची निव्वळ माती उघडी करायची, म्हणजे आगीला खायला काही उरत नाही. त्यासाठी कुऱ्हाड आणि कुदळ अशी दोन अवजारे डोंगरावर वाहून न्यावी लागत. पुलास्कीने एकाच दांड्यावर एका बाजूला कुऱ्हाडीचे उभे पाते आणि दुसऱ्या बाजूला कुदळीचे आडवे पाते बसवले. अशी कल्पना इतरांनाही सुचली होती, पण वापरून वापरून तिला घडवली आणि रुळवली ती त्याने. १९२० च्या सुमारास खात्याने हे अवजार सगळीकडे घेतले. त्याचे पेटंट मात्र त्याच्या पदरी कधी पडले नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये तो वारला.

त्या वणव्याचा अमेरिकेने मोठा धसका घेतला. १९११ च्या कायद्याने आगीच्या बंदोबस्तासाठी केंद्राने राज्यांना पैसा द्यायला सुरुवात केली. १९३५ साली तर हुकूम निघाला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आलीच पाहिजे. पण दरवर्षीचा पालापाचोळा न जळता साठत गेला आणि पुढच्या आगी अधिक भडकू लागल्या. म्हणून १९६८ साली राष्ट्रीय उद्यान खात्याने आणि १९७८ साली जंगल खात्याने धोरण बदलले. काही नैसर्गिक आगी नजरेखाली जळू द्यायच्या, काही ठिकाणी स्वतःच बेताने जाळायचे, असे ठरले.

सरपंच, पोलीस पाटील, वनरक्षक मंडळींनी यातून एवढे घ्यावे. वणव्यावर माणसे धाडण्याआधी वारा फिरला तर त्यांनी कुठे पळायचे, ती जागा कोणाला तरी पाठ असली पाहिजे. ४५ माणसांतली बहुतेक वाचली ती एकाला भुयार माहीत होते म्हणून. आणि परत आलेल्याचे अंग भाजले असेल, तर त्याच्या औषधपाण्याचा खर्च त्याच्याच खिशातून होऊ देऊ नका.