एकमेकांशी जुळवून घेणारी घड्याळे : ख्रिश्चन हायगेन्स



शनीची कडी आणि लंबकाचे घड्याळ मुलांना माहीत असते. पण या दोन्हींशी एकाच शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे, हे सांगायचे राहून जाते. ते म्हणजे ख्रिश्चन हायगेन्स.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी नेदरलँड्समधील द हेग येथे झाला. वडील कवी आणि मुत्सद्दी होते. सोळा वर्षांपर्यंतचे शिक्षण घरीच झाले. पुढे लायडनला ते कायदा आणि गणित शिकले. १६५५ मध्ये भावाच्या मदतीने बनवलेल्या दुर्बिणीतून त्यांनी शनीचा चंद्र टायटन शोधला. शनीभोवती दिसते ते कडं आहे, हे १६५९ मध्ये त्यांनीच स्पष्ट केलं.

१६५६ मध्ये त्यांनी लंबकाचे घड्याळ तयार केले. त्या काळी भर समुद्रात जहाजाला आपला रेखांश कळत नसे. जहाजे भरकटत, खडकांवर आपटत. बंदराची अचूक वेळ जहाजावर कळली, तर स्थानिक वेळेशी तुलना करून रेखांश काढता येतो (एक तास म्हणजे १५ अंश). म्हणून हायगेन्स समुद्रावर चालेल असं घड्याळ बनवत होते. एक बंद पडलं तर दुसरं असावं, म्हणून दोन-दोन घड्याळे!

फेब्रुवारी १६६५. आजारपणामुळे ते घरीच अडकून होते. समोर एकाच लाकडी दांड्याला दोन घड्याळे टांगलेली. त्यांच्या लक्षात आलं, की एक लंबक डावीकडे गेला की दुसरा बरोबर उजवीकडे जातो. मुद्दाम ताल बिघडवला, तरी अर्ध्या तासात पुन्हा तोच मेळ! आधी त्यांना वाटलं, हे हवेमुळे होतंय. घड्याळे दूर नेल्यावर मेळ सुटला. मग खरं कारण सापडलं. दांडा डोळ्यांना न दिसेल इतका हलत होता आणि त्यातून एका लंबकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोहोचत होती.

खरं तर ही बातमी त्यांच्यासाठी चांगली नव्हती. एवढ्याशा हालचालीने घड्याळाची चाल बदलते, तर हेलकावणाऱ्या जहाजावर काय होईल? रेखांशाचा प्रश्न लंबकाने सुटला नाही. पण आजारपणात टिपलेलं हे निरीक्षण टिकलं. कोणी प्रमुख नाही, कोणाचा हुकूम नाही. प्रत्येकाने शेजाऱ्याप्रमाणे थोडं थोडं बदलायचं आणि सगळ्यांचा मेळ बसतो. थव्याने उडणारी ड्रोन याच तत्त्वावर चालवता येतात. वीजकेंद्रांतील जनित्रेही जोडणाऱ्या तारांमुळेच एका तालात राहतात.

१६६६ पासून हायगेन्स पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होते. तब्येतीमुळे १६८१ मध्ये ते मायदेशी परतले. १६९० मध्ये प्रकाशाच्या तरंग सिद्धांतावरचा त्यांचा ग्रंथ आला. ८ जुलै १६९५ रोजी द हेग येथेच त्यांचे निधन झाले.

वर्गात करून पाहा : दोन खुर्च्यांमध्ये आडवी दोरी बांधा. तिला सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे दगड टांगा. एकालाच झोका द्या. थोड्या वेळाने दुसराही हलू लागेल. हालचाल कुठून पोहोचली, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका; हायगेन्स यांचाही पहिला अंदाज चुकलाच होता.